घोडीकडे पाठ करून

राजधानीतल्या द्वारका भागात, नव्या फ्लॅटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. एका सकाळी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर एक घोडीवाला दिसला. वरातीत नवरदेवाला मिरवणारी त्याची घोडी गाभण होती. विण्यासाठी तो तिला पानिपतजवळच्या आपल्या गावी नेत होता, पण कळा वाटेतच सुरू झाल्या.

मी पाण्याची बादली घेऊन खाली गेलो, तर हा घोडीकडे पाठ करून बसलेला.

"देखेंगे तो रोक लेगी, साहब. शर्मीली है." मग हळूच म्हणाला, "पहला बच्चा है. घर पे होता तो अच्छा था."

माझी बायकोही पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नागपूरला गेली होती, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते एकदम पटलं.

"आप ऊपर से देखिए. उतनी दूर से चलेगा."

मी फायली तपासणारा माणूस, घोड्यातलं मला काय कळणार? तरी पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभा राहिलो. बराच वेळ त्याने मान वळवली नाही. रिकामा लगाम कुरवाळत तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. शिंगरू बाहेर आलं, धडपडलं, दोनदा कोलमडलं आणि शेवटी चारी पायांवर उभं राहिलं.

मी ओरडून सांगणार होतो. पण गरजच नव्हती. माझ्याकडे बघता बघता तो रडायला लागला होता.