ताईच्या गाडीचे शॉकअप

आमच्या रस्त्यावर गॅरेजवाले बारा. त्यातले अकरा जण माझ्या काउंटरवर हात टेकला की आधी विचारतात, "स्वस्तातलं काय आहे?" बारावा कानसेन. हे नाव मीच ठेवलं. गाडी वळणावर असतानाच हा गॅरेजात बसल्या बसल्या सांगायचा, "पुढचा उजवा गेलाय." गाडी आत येऊन थांबायची, मालक तोंड उघडायच्या आत हा पुढचा उजवा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबून सोडायचा. चांगली गाडी एकदा वर येते आणि गप्प बसते. शॉकअप मेलेले असले की दोन-तीनदा डुलते. ती डुलली की हा मालकाकडे असा बघायचा, जणू त्याने घरच्या म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवलंय.

मी स्पेअर पार्ट विकतो. तीस वर्षं एकाच काउंटरमागे उभा आहे आणि तोंडाचा फटकळ आहे. कानसेनचं आणि माझं जमलं, कारण त्याला माझ्या बोलण्याचा राग यायचा नाही. मुळात तो ऐकायचाच नाही. माणसांचं बोलणं त्याच्या एका कानातून आत जाई नि दुसऱ्या कानातून बाहेर. इंजिनाचं मात्र दोन्ही कानांत राही.

त्याचं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते एवढंच: हे गॅरेज आणि ताई. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा, ताई चौदाची. वडील कारखान्यात पाळीवर. ताईने शाळा सोडली, चूल हातात घेतली आणि याला वाढवलं. पुढे तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, की भाऊ माझ्याबरोबर येईल. भावोजी साधे शाळेतले कारकून, भिडस्त माणूस. "येऊ दे की," म्हणाले. याने पुढे लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ताईची बोलणी पुरतात मला."

ती ताई आजारी पडली. हाडांचा आजार, आणि कळेपर्यंत तो मणक्यात पोचला होता. दर पंधरा दिवसांनी मोठ्या इस्पितळात जाऊन औषध चढवून घ्यायचं. इस्पितळ मोठ्या शहरात, दीड तासाच्या रस्त्यावर, आणि तो रस्ता म्हणजे ठिगळावर ठिगळ. भावोजींची गाडी बारा वर्षांची, लहानशी, चार दरवाजांची. मागच्या सीटवर उशी ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन ताई आडवी व्हायची. अॅम्ब्युलन्स एकदा करून बघितली. तिच्या चाकांवरचे पाटे टेम्पोचे, ओझं वाहायला केलेले, कडक. ताई म्हणाली, यापेक्षा मला पोत्यात घालून न्या.

चौथ्या फेरीनंतर तिने सांगितलं, "मला औषधाचं काही वाटत नाही. रस्ता सोसत नाही. मी आता जाणार नाही."

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की फेरी चुकली तर आजार महिन्याभरात पसरेल. कानसेन दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानाचं शटर वर जायच्या आत दारात उभा.

"पुढचे दोन्ही स्ट्रट, मागचे दोन्ही शॉकअप. तुझ्याकडचे सगळ्यात चांगले."

"कुणाची गाडी?"

"ताईची."

मी मुकाट्याने चारही गॅस भरलेले काढले; स्ट्रट म्हणजे पुढच्या चाकांवरचे शॉकअपच. त्यांतले मागचे शॉकअप हाताने दाबायला गेलात तर मनगट दुखतं, आणि सोडले की आपोआप पूर्ण वर येतात. कानसेनने खोका उघडून एकेक हातात घेतला, दांडा डोळ्यांसमोर धरून बघितला, ऑइल सील बोटाने चाचपलं. लग्नाच्या मुलीलासुद्धा कुणी एवढं निरखत नाही. एकटा शॉकअप कधी बदलायचा नाही हा त्याचा नियमच. एका बाजूचा गेला तरी जोडी बदलायची, नाहीतर गाडी लंगडते. गिऱ्हाइकाने फक्त एकच बदला म्हटलं की हा विचारायचा, "तुम्ही चप्पल एकच घेता का?"

दुपारपर्यंत त्याने चारही बसवले. मग गाडी घेऊन एक फेरी मारून आला आणि माझ्या दुकानासमोर कचकन ब्रेक मारला. गाडीने नाक जरासुद्धा खाली घातलं नाही. त्याचा चेहरा असा उजळला होता की मलाच बरं वाटलं.

"रस्त्याला चिकटलीये बघ. वळणावर हलत नाही."

फेरीच्या गुरुवारी भावोजी ताईला कसंबसं मनवून घेऊन गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा दारात गाडी थांबली, पण मागचा दरवाजा उघडला नाही. वीस मिनिटं ती आत तशीच पडून होती. कुणी हात लावू नका म्हणाली. कानसेन दाराबाहेर काचेला कपाळ टेकून उभा. अखेर ती उतरली, त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाली, "आधी निदान झुलायची रे. आता प्रत्येक खडा मोजला मी. झालं, आता बस. पुन्हा नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला तो रिकाम्या हाताने. स्टुलावर बसला. 

"गाडीत दोष नाही," तो म्हणाला. "चारदा चालवून बघितली. एक आवाज नाही."

"मग दोष ताईत असेल," मी म्हटलं. बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली. म्हणून मग सरळ विचारलं, "ती कुठे बसते?"

"बसते कुठे? मागे आडवी असते."

"आणि तू चालवून कुठून बघितलीस?"

तो स्टुलावरून उठला. पस्तीस वर्षांत त्याच्या हाताखालून हजारो गाड्या गेल्या असतील. प्रत्येक गाडी त्याने स्टिअरिंग हातात धरून पारखली होती. मागच्या सीटवर हा माणूस आयुष्यात बसलेला नव्हता. त्याचं जगणंच पुढच्या सीटवरचं, आणि आमच्या धंद्यात सगळ्यांचं तसंच. मलाही ते तेव्हाच सुचलं. आपण फार शहाणे आहोत असा आव आणणार नाही.

त्याच दिवशी दुपारी आम्ही भावोजींच्या घरी गेलो. ताई खिडकीजवळच्या खाटेवर पडली होती. तिला काही सांगितलं नाही. कानसेनने तिची उशी मागून घेतली, तेव्हा तिने "कशाला?" विचारलं. हा "लागते" एवढंच म्हणाला. बाहेर येऊन त्याने गाडीचा मागचा दरवाजा उघडला, उशी डाव्या दरवाजाकडे ठेवली आणि आत शिरला. चांगला धिप्पाड माणूस. गुडघे पोटाशी घेता घेता त्याचा चेहरा लाल झाला. तरी ताई निजते तसाच निजला, डाव्या कुशीवर, एक हात गालाखाली.

"भावोजी, चालवा."

"मी?" भावोजी घाबरले. "तू असताना मी?"

"तुम्हीच नेता ना तिला? मग तुम्हीच. आणि रोज चालवता तशीच चालवा. माझ्यासाठी नीट चालवू नका."

मी पुढे भावोजींच्या शेजारी बसलो. घरासमोरच्या मोकळ्या जागेला तीन खड्डे आणि एक उखडलेली पट्टी आहे. भावोजी त्यांवरून गाडी नेत, वळवून परत आणत. मागून काही आवाज नाही. मी वळून बघितलं. डोळे मिटलेले, दात आवळलेले. पाचव्या फेरीला तो म्हणाला, "कंबरेत बसतंय." सातव्या फेरीला म्हणाला, "डावा वरचा माउंट पण गेलाय, रबर संपलंय त्याचं. पुढे बसून ऐकूच येत नाही रे हे."  भावोजींनी तीनदा विचारलं, थांबू का? तो नाही म्हणून मान हलवायचा. पाऊण तास हे चाललं. मला आधी हसू येत होतं, मग ते आलं नाही.

पुढचे दोन दिवस त्याने गॅरेज बंद ठेवलं. गॅसचे चारही काढून माझ्या काउंटरवर आणून ठेवले. पुढे त्याने कंपनीचेच साधे स्ट्रट घेतले, वर नवे माउंट घातले. मागे साधे तेलाचे, तेही एका जोडीवर न थांबता तीन जोड्या बदलून बघितले. बसवायचे, भावोजींना चालवायला लावायचं, आत निजायचं, उतरायचं, काढायचे. टायरमधली हवा थोडी कमी केली. सीटखालची एक तुटकी स्प्रिंग काढून दुसरी बसवली. शेवटी जी गाडी तयार झाली ती त्याच्या हातची वाटतच नव्हती. कोपरा दाबला की दीड हेलकावा घ्यायची. वळणावर कलायची. ब्रेक मारला की नाक खाली.

"ही मी केलीये असं रस्त्यावर कुणाला सांगू नकोस," तो मला म्हणाला. आणि भावोजींना, "चाळिसाच्या वर जायचं नाही. कुणी हॉर्न मारला तर मारू द्या."

ताईने पुढच्या फेरीच्या गुरुवारी न बोलता चपला पायात सरकवल्या. भावोजींनी मला नंतर सांगितलं, त्यांनी समजूत घालायला तोंड उघडलं होतं, तर ती म्हणाली, "चला, उशीर होतोय."

त्या गाडीतून ती अकरा फेऱ्या गेली. साडेपाच महिने. कानसेन दर बुधवारी गाडीची हवा बघायचा आणि एकदा मागच्या सीटवर आडवा होऊन उठायचा. बाकीचे गॅरेजवाले हसायचे. मी त्यांतल्या दोघांना शिव्या घातल्या, मग निदान माझ्यासमोर हसणं बंद झालं.

अकराव्या फेरीला डॉक्टरांनी सांगितलं, आता आणू नका, काही उपयोग नाही. त्या दिवशी गाडी कानसेन चालवत होता. भावोजी शेजारी बसून खिडकीबाहेर तोंड करून रडत होते. अर्ध्या वाटेवर मागून ताईचा आवाज आला.

"ऐक रे. मला ते शॉकअप-बिकअप काही कळत नाही. मी खिडकीतून बघितलं होतं. एवढा मोठा घोडा माझ्या उशीवर डोकं ठेवून पडलाय, आणि हे तुला धक्के देतायत. म्हटलं, मी नाही म्हटलं तर हा तिथून उठायचा नाही. म्हणून आले."

कानसेनने गाडी बाजूला घेतली. मागे न बघता विचारलं, "म्हणजे दुखायचं तसंच?"

"नाही रे. कमी झालं होतं. पुष्कळच कमी," ती म्हणाली. "चल आता."

त्यानंतर ती तीन आठवडे होती. घरीच गेली, दुपारची, दोघंही जवळ होते.

महिनाभर कानसेन माझ्याकडे फिरकला नाही. आला तेव्हा कुणाच्या तरी गाडीचा मागचा उजवा शॉकअप हवा होता. मी जोडी काढून ठेवली. तो खोक्यावर हात ठेवून उभा राहिला आणि हे गाडीतलं बोलणं त्याने मला सांगितलं, शब्द न् शब्द. माणसांचं बोलणं त्याच्या कानात राहत नाही असं म्हणणारा मी, ते ऐकत उभा होतो.

"पुष्कळच कमी, म्हणाली," तो म्हणाला. "तुला काय वाटतं, खरं सांगितलं असेल?"

मला वाटलं, याला धीर द्यावा. ताई किती रोखठोक बाई होती हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, "अरे, ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. आयुष्यात कधी तुझ्याशी खोटं बोललीये का?"

तो विचार करत राहिला. अगदी प्रामाणिकपणे, गाडीचा आवाज ऐकताना मान एका बाजूला करायचा तशी करून.

"एकदा," तो म्हणाला. "आई गेली त्या सकाळी. मी आईला हलवत होतो. तर म्हणाली, दमलीये ती, झोपू दे. ये, मी तुझे केस विंचरते."