प्रबोध साळवेंची अकरा मिनिटं

प्रबोध साळवे टॅम्पिनीसला राहतात आणि बावीस वर्षं जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये नोकरीला आहेत. वडील अंबरनाथला फिटर होते. त्यांचा हा मुलगा इंजिनिअर होऊन सिंगापूरला आला, इथलाच झाला, आणि आठ वर्षांपूर्वी त्याने नागरिकत्वही घेतलं. एरवी हा माणूस मोजकं बोलणारा. राजकारणाचा विषय निघाला, की मात्र त्यांची जीभ सैल सुटायची.

या वेळी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांचा कल मिसेस सेह या निवृत्त न्यायाधीशांकडे होता. समोर होते मि. पांग, प्रबोधच्याच कंपनीचे माजी प्रमुख. पद पक्षाच्या पलीकडचं मानलं जातं, पण पहिल्या आठवड्यातच लोक दोन बाजूंत वाटले गेले होते. मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची एम्प्लॉयमेंट पासवरची, म्हणजे मत नसलेली मंडळी तेवढी गप्प होती. नागरिक झालेले मात्र भांडत होते.

त्यांतला सगळ्यात तावातावाने भांडणारा निशिकांत पेठे. रॅफल्स प्लेसच्या बँकेत मॅनेजर, प्रबोधचा पंधरा वर्षांपासूनचा मित्र आणि मिसेस सेह यांचा स्वयंसेवक. रविवारी हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना तो म्हणाला, "पांगचं भाषण ऐकलंस? म्हणे, कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आयुष्य वेचलं."

"सुरक्षितता?" प्रबोध उसळले. "त्याच्या राज्यात आमच्याकडे माणूस जळून मेला. गॅसचा अलार्म वाजत होता आणि युनिट अकरा मिनिटं चालूच होतं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. युनिट कुणी चालू ठेवलं, एवढंच ते बोलले नाहीत.

मंगळवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्यांनी फोन उघडला. ग्रुपवर निशिकांतचा मेसेज होता: 'अलार्म वाजत असताना पांग यांनी उत्पादनासाठी अकरा मिनिटं युनिट बंद करू दिलं नाही. एक कामगार जळून मेला. त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या आपल्याच मराठी इंजिनिअरने हे सांगितलं आहे.' खाली तोच मजकूर इंग्रजीत आणि चिनी भाषेत.

प्रबोधनी तो पुन्हा वाचला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो मेसेज त्यांच्याच कंट्रोल रूममधल्या चिनी ऑपरेटरांच्या फोनवर पोचला होता. दुपारी पांग यांच्या कार्यालयाने पोलिसांत तक्रार दिल्याचं जाहीर केलं.

त्यांनी जिन्यात उभं राहून निशिकांतला फोन लावला.

"हे मी म्हणालो नव्हतो."

"अकरा मिनिटं तूच म्हणालास ना? बॉस कोण होता? पांग. मग आणखी काय राहिलं?"

"निशिकांत, तो मेसेज काढ."

"आता तो हजार ठिकाणी गेलाय. ऐक, उद्या संध्याकाळी मी घरी येतो. तू दोन ओळी लिहून सही कर, म्हणजे कुणी आपल्याला खोटं म्हणणार नाही. परवा प्रचार बंद होतोय."

घरी आल्यावर प्रबोध जेवले नाहीत. बायको एकता आणि मुलगी मैत्रेयी, दोघींना त्यांनी समोर बसवलं. मैत्रेयी एकवीस वर्षांची. तिचं हे पहिलंच मतदान.

"त्या दिवशी कंट्रोल बोर्डवर मी होतो," ते म्हणाले.

एकोणीस वर्षांपूर्वीची दुपार. पंपाचं सील गळून गॅस पसरायला लागला, अलार्म वाजला. त्याच आठवड्यात दोनदा अलार्म खोटा निघाला होता. युनिट बंद करायला शिफ्ट इन्चार्जची परवानगी लागायची आणि तो फोन उचलत नव्हता. लाल बटण प्रबोधपासून हातभर अंतरावर होतं. विनाकारण बंद केलं तर नोकरी जाईल, ही धास्ती. ते फोन फिरवत राहिले. शेवटी थेट तेव्हाच्या प्लांटप्रमुखाला, पांगना, लावला. पांग ओरडले, "मला काय विचारतोस? बंद कर, आत्ता!"

प्रबोधनी बटण दाबलं. तोवर आग लागली होती. पंपापाशी अन्वर नावाचा बांगलादेशी कंत्राटी कामगार होता.

"चौकशीत पांग म्हणाले, बोर्डवरच्या माणसाने परवानगीची वाट बघावी हा आमचाच नियम होता, दोष नियमाचा आहे. तो नियम त्यांनी बदलला. माझी नोकरी राहिली."

"एकोणीस वर्षं," एकता म्हणाली. "अहो, मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू माझ्याकडे कशी बघितली असतीस, याची भीती वाटायची."

"आणि आता काय वेगळं होणार आहे?" उठता उठता ती म्हणाली, "त्या अन्वरच्या घरी कोण कोण होतं?"

प्रबोधना ते माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

मैत्रेयी फोन हातात धरून बसली होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, आय फॉरवर्डेड इट लाह. माझ्या पूर्ण बॅचला. मला वाटलं, तो इंजिनिअर तुम्हीच असणार. आय वॉज सो प्राउड."

बुधवारी संध्याकाळी निशिकांत छापील कागद घेऊन आला. प्रबोधनी त्याला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. निशिकांतचा चेहरा उतरला, पण तो लवकर सावरला.

"ठीक आहे. सही नको करूस. फक्त दोन दिवस गप्प बस. मतदान झालं की काय सांगायचं ते सांग."

"म्हणजे तोवर खोटं चालू दे?"

"पांग निवडून यायला हवा आहे का तुला? परदेशी कामगारांच्या डॉर्मिटरी वस्तीपासून लांब हलवा म्हणाला तो, आठवतंय ना?"

"आठवतंय. म्हणूनच माझं मत त्याला नाही."

"मग? प्रबोध, ही निवडणूक आहे. तुझा कबुलीजबाब कुणी मागितलेला नाही. पोलीस तुला बोलावतील. प्लांटमध्ये उद्यापासून लोक तुझ्याकडे बोट दाखवतील. कशासाठी?"

एकता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. प्रबोधनी एकदा तिच्याकडे बघितलं.

त्यांनी फोन घेतला आणि निशिकांतसमोरच टाईप करायला सुरुवात केली. पुसून पुन्हा लिहावं लागत होतं. 'मी प्रबोध साळवे. मेसेजमधला इंजिनिअर मीच. मि. पांग यांनी युनिट चालू ठेवलं नाही. अकरा मिनिटं मी थांबलो. त्यांनी बंद करायला सांगितलं. माझं मत मिसेस सेह यांना आहे, पण तो मेसेज खोटा आहे आणि तो माझ्या अर्धवट बोलण्यातून सुरू झालं.'

"नको पाठवूस," निशिकांत हळूच म्हणाला.

त्यांनी ते ग्रुपवर पाठवलं. निशिकांत चपला घालून निघून गेला. लिफ्ट येईपर्यंतही थांबला नाही, जिन्यानेच उतरला.

पुढचे दिवस वाईट गेले. पोलिसांनी दोघांचे जबाब घेतले आणि निशिकांतला लेखी ताकीद मिळाली. ग्रुपवर कुणी प्रबोधना पांगचा माणूस म्हटलं, कुणी खुनी म्हटलं. खोटा मेसेज जितका फिरला, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही त्यांचा खुलासा फिरला नाही. मैत्रेयीने मात्र तो बॅचमधल्या प्रत्येकाला वेगवेगळा पाठवला आणि आलेल्या टोमण्यांना उत्तरं देत बसली.

शनिवारी तिघं एकत्र मतदानाला गेली. मिसेस सेह निवडून आल्या. प्रबोधना आनंद झाला, पण तो कुणाला फोन करून सांगावा असा उरला नाही.

सोमवारी बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. दुसऱ्या थांब्यावर मेंटेनन्सचे जगदीश चढले. वयाने मोठे, अपघाताच्या दिवशीही प्लांटवर असलेले. ते शेजारी येऊन बसले आणि हिंदीत म्हणाले, "अन्वरला स्ट्रेचरवर मी उचललं होतं. इतकी वर्षं वाटत होतं, तुम्ही सगळे विसरलात."

"त्याच्या घरचं काही माहीत आहे?" प्रबोधनी विचारलं.

"भाऊ आहे. मधूनमधून बोलतो माझ्याशी." जगदीशनी फोन काढला, नंबर शोधला आणि तो दाखवत म्हणाले, "तो चांगलं बोलेलच असं नाही हं."

"असू दे," प्रबोध म्हणाले आणि नंबर लिहून घेतला.