शेंदराखालची होडी

भाईंदर पश्चिमेला आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या मागे एक तळं होतं, आणि तळ्याच्या काठावर कोळ्यांचा देव. देव म्हणजे कमरेएवढा उभा दगड, शेंदराने इतका जाड झालेला की नाकडोळे कुठे असतील याचा नुसता अंदाजच करावा. तळ्यातून कळशी भरून त्याला आंघोळ घालायची, त्याची पूजा करायची ती आमच्या दारावर बोंबील-मांदेली घेऊन येणारी कोळीणमावशी. मी गिरगावात वाढलेली, भाव करण्यात काही कच्ची नव्हते, पण या मावशीपुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

एका उन्हाळ्यात देवाने खोळ टाकली. म्हणजे वर्षानुवर्षं चढलेलं शेंदराचं कवच आपोआप सुटून पडलं. मावशीच्या घरच्यांनी ते वाजतगाजत खाडीत सोडलं, आणि नवा शेंदूर चढेपर्यंत मला दगड पाहायला मिळाला. त्यावर एक लांबलचक होडी कोरलेली होती, वल्ही मारणारी माणसं होती, सगळ्यात वर हात जोडून बसलेला एक माणूस. आमच्या शेजारचे काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांना जुन्या गोष्टींचा भारी नाद. ते म्हणाले, "वीरगळ आहे हा. लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. शेकडो वर्षांचा असणार." ते कॅमेरा आणायला वळले, तशी मावशी आडवी आली. "देव उघडा हाय. फोटू काढायचा न्हाय." काकांनी निमूट हात जोडले. संध्याकाळपर्यंत होडी पुन्हा शेंदराखाली गेली.

पुढे काही वर्षांनी, नव्वदच्या सुमारास, नगरपालिकेचा नवा विकास आराखडा लागला. तळं बुजवून तिथे इमारती, आणि देवावरून थेट रस्ता. लोकांच्या हरकती मागवल्या होत्या, पण नुसत्या तळ्यासाठी कोण ऐकून घेतो? डास होतात, हे उत्तर ठरलेलं. माझा मात्र त्या तळ्यावर जीव होता. कामावरून आल्यावर मागच्या बाल्कनीत चहा घेऊन बसलं, चार बगळे दिसले, की ऑफिसातली कटकट डोक्यातून जायची. काका म्हणाले, "दगड जुना ठरला तर त्याच्या आजूबाजूलाही हात लावता येणार नाही. आपण दगड धरू, तळं त्याच्याबरोबर वाचेल." त्यांनी 'उपरोक्त विषयास अनुसरून' हरकत लिहिली, मी दारोदार सह्या गोळा केल्या. समोरच्या गुजराती शेजारणीने तर "भगवान का काम है" म्हणत न वाचताच सही ठोकली. सुनावणीला नगरपालिकेच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जागा बघायला स्वतः येतो म्हणाले. मी आनंदाने मावशीला सांगून आले, "मोठे साहेब देव बघायला येतायत!"

देवाकडे मोठा माणूस येणार म्हटल्यावर कोळीवाडा हातावर हात ठेवून बसेल होय? साहेब यायच्या दिवशी आम्ही जाऊन बघतो तर चौथऱ्याला पांढऱ्याशुभ्र टाइल्स, वर पत्र्याची शेड, ताज्या शेंदरावर चांदीचे डोळे. बायका ठेवणीतली लुगडी नेसून उभ्या. मावशीचा चेहरा असा फुललेला की मला तिच्यावर रागावताही येईना. काका तिथल्याच कट्ट्यावर मटकन बसले.

साहेब भला माणूस. बूट काढून त्यांनी नमस्कार केला, मग हळूच विचारलं, "यात जुनं काय आहे?"

"शेंदराखाली आहे," काका म्हणाले.

"थोडं खरवडून दाखवता?"

मावशीने आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाय, तू बोलतेस काय खरवडाया?"

तळं पाठीमागेच होतं, उन्हात चमकत. मी हो म्हटलं असतं तर कदाचित तिने ऐकलं असतं. पण तिच्या देवाची साल काढायला सांगणारी मी कोण? मी मानेनेच नाही म्हटलं.

"खोळ पुन्हा कधी सुटेल?" साहेबांनी मावशीला विचारलं.

"देवाच्या मनात यील तवा."

साहेबांनी कागदावर लिहिलं, नवीन मंदिर. त्यांचं तरी काय चुकलं, दिसत होतं तेच त्यांनी लिहिलं.

मंदिर पाडायच्या फंदात कोण पडणार? रस्त्याने देवापाशी वळण घेतलं. तळ्यावर मात्र मातीचे डंपर यायला लागले. मी बाल्कनीचं दार लावून घेतलं. फार चिडले होते, आणि नेमकं कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं.

सगळं सपाट झाल्यावर एका सोमवारी सकाळी मावशी दारात उभी राहिली. सोमवारी आमच्याकडे मासळी नसते, तिलाही ते ठाऊक. तिने माझ्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला. "तुमी लिवलंत म्हनून देव वाचला, बाय."

मी प्रसाद तोंडात टाकला. ती जाईना. मग पदराआडची रिकामी कळशी तिने उंबऱ्यावर ठेवली.

"देवाची आंघोळ व्हायची हाय. थोडा पानी देशील?"

आमच्या नळाला तेव्हा एक दिवसाआड पाणी यायचं. पिंपातलं काढून मी तिची कळशी भरायला लागले, आणि भरता भरता मला रडू आलं.