लाकडी डाकूची पारख

माझं लग्न होऊन मी भोरला आले, त्या वर्षी गावाबाहेरच्या तंबूत डाकूचा एक पिक्चर लागला होता. तो काही केल्या उतरेना. खेड्यापाड्यांतली माणसं बैलगाड्या जुंपून यायची. माझे सासरे सुतार. त्यांनी तो पिक्चर पुन्हापुन्हा पाहिला आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून त्यातला डाकू कोरला. वीतभर उंच, खांद्यावर घोंगडी, मुठीत बंदूक. हातपाय सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आतून ओढून बांधलेले, त्यामुळे ते हलायचे.

पुण्याच्या एका व्यापाऱ्याला तो आवडला. त्यानं मामंजींना सांगितलं, हे पोरांचं खेळणं नव्हे. हौशी माणसं काचेच्या कपाटात मांडायला घेतील. डाग चालणार नाही, डगमग चालणार नाही. पहिल्या खेपेतला बराच माल त्यानं परत पाठवला.

मामंजींना जवळचं दिसत नव्हतं. रंगाच्या वासानं सासूबाईंना मळमळायचं. माझा नवरा मुंबईला गिरणीत, घरी यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला. मामंजी म्हणाले, "सूनबाईची नजर बारीक हाय. तिला बसवू तपासायला."

अशी मी मागच्या खोलीत बसले. तिथं एकच खिडकी होती आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडायची. हात बाहेर काढला की बोटांना शेवाळ लागायचं. दाराला कडी नव्हती. सासूबाई उंबऱ्याशी धान्य निवडत बसायच्या, तेवढं पुरे होतं.

काम मला लवकर जमलं. बाहुला आधी पाटावर उभा करायचा आणि पाटाला हलकी टिचकी मारायची. पडला तर बाजूला. हात वर करून सोडायचा. तो होता तिथं राहिला पाहिजे, खाली आला तर पट्टी ढिली. कानाशी धरून हलवायचा, आत खुळखुळलं तर सांधा बिघडलेला. मग अंगठा फिरवून रंग बघायचा. शेवटी तोंड बघायचं. तिथं माझं अडायचं. पिक्चरची एक फाटकी जाहिरात मामंजींनी भिंतीला चिकटवली होती, त्यात डाकूचं निम्मं तोंड शाईनं काळं झालेलं.

एकदा मी म्हणाले, "आत्याबाई, मी पिक्चर बघितलाच न्हाई. त्याच्यासारखा दिसतोय का, ते मला कसं कळावं?"

सासूबाईंनी सुपावरून नजर उचलली नाही. "नव्या सुनंनं तंबूत जाऊन बसायचं? लोक काय म्हणतील? हाय ते बघ."

दिवसभर तेच तोंड. डोळे मिटले तरी समोर तेच. किकवीजवळच्या माझ्या माहेरी मी मळ्यात मोकळी फिरलेली. इथं अंगण ओलांडायचं तर कारण सांगावं लागे. कधी कधी मी तपासलेले डाकू भिंतीकडे तोंड करून ठेवत असे. तेवढाच माझा एकांत.

पुढची खेप गेली आणि व्यापारी स्वतः आला. ओटीवरचा त्याचा आवाज मला आत ऐकू येत होता. "काम चोख आहे हो. पण हा तो नाही. गिऱ्हाईक हातात घेतं, बघतं आणि खाली ठेवतं. काय चुकलंय ते मलाही सांगता येत नाही."

तो गेल्यावर मामंजी माझ्याकडे आले. नवीन माल समोर ठेवला. मी हात लावला नाही.

"बरं न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय. पण ज्यानं पिक्चर बघितलाय त्याला बसवा, मामंजी. माझ्यानं आता व्हायचं न्हाई."

आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू आला नाही. सासूबाई उठून आत आल्या. मामंजींनी त्यांना हातानं थांबवलं, एक बाहुला उचलून पाटावर उभा केला आणि म्हणाले, "उद्या पहिल्या खेळाला चल. म्या नेतो."

सासरा सुनेला घेऊन पिक्चरला निघाला, हे आळीनं दारात उभं राहून बघितलं. मी पदर ओढून त्यांच्या मागं चालत होते. तंबूत मधे कनात होती, मी बायकांत बसले. गाणी कुठली होती ते मला आठवत नाही. मी फक्त त्याला बघत होते. तो बोलायला लागला की सगळा भार एका पायावर टाकायचा, दुसरा गुडघा सैल. पळायच्या तयारीत असल्यासारखा. आमचा डाकू सावधानमध्ये उभ्या असलेल्या शिपायासारखा होता.

परतताना मी सांगितलं, "तोंड बरोबर हाय, मामंजी. उभं ऱ्हाणं चुकलंय."

ते रस्त्यातच थांबले, स्वतः तसे उभे राहून बघितलं आणि म्हणाले, "व्हय की."

नवे पाय केलेला माल व्यापाऱ्यानं हातोहात घेतला आणि आणखी मागितला. मला वाटलं होतं, आता सुटेन. झालं उलटंच. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, सुनेच्या नजरेखालून गेल्याशिवाय माझा माल बाहेर जात नाही.

दिवाळीला आबा, म्हणजे माझे वडील, मला न्यायला एसटीनं आले. मामंजींनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "पाव्हणं, मालाची घाई हाय. एवढं उरकलं की धाडतो."

आबांनी वाद घातला नाही. ते माझ्या खोलीत येऊन पाटाजवळ बसले. "आण, म्या बी बघतो. लवकर उरकंल." बैल पारखावा तसे ते आधी पाय चाचपायचे, मग पाठीवरून हात फिरवायचे. प्रत्येकाला म्हणायचे, "चांगला हाय की." ढिल्या हाताचा, तिरक्या डोळ्याचा, सगळे चांगले. त्या खोलीत मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

काम काही उरकलं नाही आणि शेवटची एसटी चुकवून चालणार नव्हतं. निघताना मी त्यांना एक डाकू दिला. आबांनी तो टोपीत ठेवला आणि बोडक्या डोक्यानं ते आळीतून गेले. मी दारापर्यंत गेले, पुढं नाही.

शिमग्यानंतर दुसरा पिक्चर आला, डाकूची मागणी संपली, आणि मला माहेरी पाठवलं. घरात पाऊल टाकलं तर देवळीत देवांच्या शेजारी तो उभा. आईनं रोज कुंकू लावून त्याचं कपाळ लाल केलं होतं. हा कोण ते आबांनी तिला सांगितलंच नव्हतं. लेकीच्या घरून आलेला म्हणजे देवच असणार, असं ती समजली होती.