आक्कांच्या खिम्याचं मीठ

आक्कांनी उभ्या जन्मात मांसाचा कण जिभेवर ठेवला नाही, आणि मटण रांधावं तर आक्कांनीच, असं सगळं वडगाव रासाई म्हणायचं. गळ्यात तुळशीची माळ होती, माहेरहून आलेली. सासर मेंढपाळांचं. मेंढरं जाऊन ऊस आणि कांदा आला तरी रविवारी मटणाशिवाय घास न उतरणारं. म्हणून परड्यात वेगळी चूल, वेगळी भांडी, वेगळा पाटा. रांधायला बसताना आक्का माळ पाठीवर टाकायच्या, पदर खोचायच्या, आणि उठल्यावर राखेनं हात घासून, आंघोळ करून मगच देवापाशी जायच्या. मी त्या गावात शाळेवर होते आणि त्यांच्या पुढच्या खोलीत सहा वर्षं भाड्यानं राहिले. मी दहादा चाखूनही माझ्या भाजीत मीठ एक दिवस जास्त, एक दिवस कमी. न चाखता रांधणाऱ्या या बाईचा मला सुरुवातीला थोडा रागच यायचा.

चाखायचं काम आबांचं, म्हणजे त्यांच्या मालकांचं. हे लग्नातच ठरलं होतं म्हणे. आबा तेव्हा नवऱ्या मुलीला म्हणाले होते, "तुझी माळ मी काढाय लावणार न्हाई, आन् माझं मटाण मी सोडणार न्हाई. तू रांध, मी मीठ सांगतो." चाळीस वर्षं तसंच चाललं. रस्सा उकळला की आक्का पळीभर वाटीत घेऊन ओट्यावर यायच्या. आबा तळहातावर दोन थेंब घेऊन चाटायचे, डोळे मिटायचे. "बराबर हाय," नाहीतर नुसतं "चिमूट". एवढाच त्यांचा संवाद. बाकी दिवसभर दोघं एकमेकांशी क्वचितच बोलायचे, पण ही वाटी कधी चुकली नाही.

आक्कांचा एक नेम होता. "ताटात खोटं वाढायचं न्हाई." भाकरी कालची असेल तर वाढण्याआधी सांगायच्या, "शिळी हाय बरं का." एकदा मोठे पाहुणे जेवायला बसलेले, आमटी वाखाणत होते. आक्का दारातून म्हणाल्या, "कशाची चांगली, बुडाला लागलीया." पाहुण्यांचा घास हातातच राहिला. मी हसले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी खोटं वाढलं असावं.

मग आबांच्या गालाला आतून गाठ आली. तंबाखूची गाठ. पुण्याला दाखवलं आणि रोज किरणांचा शेक सुरू झाला. नदीपलीकडच्या राहू गावचा पुतण्या विलास आपल्या गाडीतून आबांना सकाळी न्यायचा आणि दुपारी आणायचा. दुसऱ्या आठवड्यात तोंड सोललं. तिखट बंद झालं, दात हलले, चावणं संपलं. चरबीचं मटण हृदयासाठी आधीच मना केलेलं. डॉक्टरांनी विलासला बाजूला घेऊन सांगितलं, की अंगात ताकद पाहिजे, वजन पन्नासच्या खाली गेलं तर शेक थांबवावा लागेल, आणि थांबला तर आजार ऐकायचा नाही. त्या दिवशी आबांना कांद्याच्या वजनकाट्यावर उभं केलं. बावन्न भरले. आक्का काट्याकडे बघत नुसत्या उभ्या होत्या. त्यांच्या हातचं जेवायला बसलेला कुणी कधी उपाशी उठला नव्हता, आणि आता घरचाच माणूस ताट सरकवत होता.

कोंबडी करून पाहिली. "ह्यो कापूस हाय," आबा म्हणाले आणि पाणी पिऊन उठले. अंडं नको, दूध नको. तेव्हा विलासनं टर्कीची गोष्ट काढली. त्यानं नदीपलीकडं, दौंड तालुक्यातल्या आपल्या रानात पन्नासेक टर्की पाळले होते. गाववाले बघायला यायचे, घ्यायला कुणी यायचं नाही. मांस पांढरं, चरबी कमी, डॉक्टरांनीही चालेल म्हणून सांगितलं. अडचण आबांचीच होती. त्यांनी तो पक्षी शेपूट पसरून गोल फिरताना पाहिला होता. "मोरच हाय त्यो. कुणीतरी पिसं इस्कटलेला मोर. मोर खाऊन पाप घेऊ व्हय मी, ह्या वयात?" विलास आक्कांच्या कानाशी लागला, "काकू, खिमा करा आन् मटणाचा म्हणून वाढा. त्यास्नी काय कळतंय?"

"ताटात खोटं वाढायचं न्हाई," आक्का म्हणाल्या. मग ओट्यावर येऊन आबांसमोर बसल्या. त्या अशा समोर बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. "आवो, ह्यो मोर आसता तर म्या माळकरणीनं चुलीवर घातला आसता का? टर्की हाय. विलाशाच्या रानातला. पटलं तर खावा." आबा बराच वेळ त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रांध मग."

दर रविवारी सकाळी परड्यातून ठकठक ऐकू यायची. लाकडी ठोकळ्यावर दोन सुऱ्यांनी आक्का टर्कीचं मांस बारीक करायच्या, मग पाट्यावर वरवंट्यानं एकदा मऊ करून घ्यायच्या. मी शिक्रापूरच्या बाजारातून हातानं फिरवायचं खिम्याचं यंत्र आणून दिलं. त्यांनी ते नीट पुसून फडताळात ठेवलं. "मशीनला कुठं कळतंय बाई, कुणाच्या तोंडात जायाचंय त्ये," म्हणाल्या. मी जरा रुसले. पण त्यांचा खिमा बोटांत घेतला तर लोण्यासारखा दबायचा, हेही खरं.

टर्कीचं मांस कोरडं. तिखट चालत नाही, तेल बेतानं. दुसरी कुणी असती तर हात टेकले असते. आक्का त्यात दुधी भोपळ्याचा कीस घालून पाणी टिकवायच्या, कधी भिजवलेली मूगडाळ वाटून, कधी चमचाभर साय. बाजरीच्या पिठात खिमा मळून मुटके उकडले. ज्वारीच्या कण्या खिम्यात इतक्या शिजवल्या, की ताटात सैलसर पसरायच्या. हुलग्याच्या माडग्यात, म्हणजे पातळ पेजेत, खिमा घातला, तो पिण्यासारखा झाला. कोबीच्या पानात गुंडाळला. एका रविवारी तर मासवडी केली. आमच्याकडची मासवडी म्हणजे नावात मास आणि पोटात तीळखोबरं. आक्कांनी पोटात टर्कीचा खिमा भरला, आणि ती मासवडी पहिल्यांदाच नावाला जागली. आबा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले. वाटी पुढे आली की ते पूर्वीसारखेच दोन थेंब तळहातावर घ्यायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे, "बराबर हाय." वजनकाटा एकदा पन्नासावर आला, थरथरला आणि हळूहळू परत चढला. शेक पुरा झाला.

मलाही दर रविवारी एक वाटी यायची. अशाच एका रविवारी मुटका तोंडात घातला आणि थांबले. त्यात मीठच नव्हतं. कमी नव्हे, नावालाही नव्हतं. ओट्यावर आबांनी तर नुकतंच "बराबर हाय" म्हटलं होतं, मी कानांनी ऐकलं होतं. आक्का वाटी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "कसं झालं बाई?" मी म्हणाले, "छान झालंय."

दुपारी आक्का देवळात गेल्यावर आबांनी मला हाक मारली. "बाई, तुमाला कळलं न्हवं?" मी मान हलवली. "जिभंला काय बी कळंना झालंय. माती घातली तरी सारखीच. शेकानं गेली चव." ते शांतपणे बोलत होते, जसं कुणी विहिरीचं पाणी आटल्याचं सांगावं. "तिला सांगू नका. तिला कळलं तर म्हनंल, मग कुणासाठी येवढं रांधू. हात गळतील तिचं." मी शब्द दिला. नंतर वर्षभर तो पाळला. दर रविवारी ते डोळे मिटून "बराबर हाय" म्हणायचे आणि मी खोलीत बसून तेच ऐकायचे. एवढ्या खरं बोलणाऱ्या बाईला आपण दोघं मिळून फसवतोय, याची मला मनापासून लाज वाटायची. आबांवर मायाही वाटायची. बिनचवीचा घास वर्षभर, तोही कौतुक करून खाणं, हे सोपं काम नाही.

पुढच्या हिवाळ्यात गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी वजनाचं काही सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात आबा फक्त माडगं प्यायचे, चार चमचे. तेही आक्कांनी वाटी पुढे केली म्हणून. एका सकाळी वाटी तशीच राहिली.

नवव्या दिवशी मी आक्कांजवळ बसले होते. घरात पाहुणे होते, पण परड्यात आम्ही दोघीच. दुसऱ्या दिवशी भीमेच्या काठावर दशक्रिया होती. गावात रीत अशी, की गेलेल्याच्या आवडीचं पिंडाशेजारी ठेवायचं. तंबाखूची पुडी आणून ठेवलेली आक्कांनी बघितली आणि उचलून चुलीत टाकली. मग म्हणाल्या, "विलाशाला सांगितलंय, एक टर्की घिऊन ये."

मला राहवेना. आता शब्द पाळून कुणाचं भलं होणार होतं? मी म्हणाले, "आक्का, एक सांगायचंय. आबांना चव कळत नव्हती. फार दिवसांपासून."

आक्कांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "ठावं हाय मला. त्या रविवारी मुटक्यात मीठ मीच घातलं न्हवतं. त्येंचा डोळा मिटायचा त्यो आदीसारखा मिटंना झाल्ता. म्हणून बघितलं. बराबर हाय म्हनले. तवाच समजले." मग म्हणाल्या, "तुमी बी म्हनला, छान झालंय."

मी जमिनीकडे बघत विचारलं, "मग आक्का, नवं नवं कशाला करत होता एवढं? त्यांना तर सगळं सारखंच..."

"सारखं कसं? जीभ गेली, पर गरम-गार कळत हुतं की. मऊ, खरबरीत, गोल, लांब कळत हुतं. मासवडी बघून हसले न्हाईत व्हय? चवीनं न्हाई जमलं तर दुसऱ्या वाटंनं घास आत न्यायाचा. आन् मीठ म्या रोज घालत हुते बरं का. त्यो येक दिस सोडून. ताटात खोटं वाढायचं न्हाई." मग पदर डोळ्याला लावून त्या पहिल्यांदा रडल्या. मोठ्यानं, पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी पहाट सरतानाच परड्यातून ठकठक ऐकू आली. मी गेले तेव्हा आक्का मासवडीचं पीठ फडक्यावर थापत होत्या, हात पहिल्यासारखेच फिरत होते. बाजूच्या पातेल्यात भरायचा खिमा तयार होता. त्यांनी त्यातला थोडा वाटीत घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"मीठ बघा बाई."

दारात उभी असलेली त्यांची जाऊ म्हणाली, "अवो, पिंडाचं हाय त्ये. उष्टं करत्यात व्हय कुठं?"

"उष्टं न्हाई, वाटीत येगळं काढलंय," आक्का म्हणाल्या. माझ्याकडे बघून हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "आज नीट बघा. तिकडं गेल्यावर जीभ परत मिळाली आसंल त्यास्नी. आता कळंल."

मी दोन कण तळहातावर घेतले, आबा घ्यायचे तसेच. जिभेवर ठेवले. डोळे मिटले. सवयीनं "छान झालंय" ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"चिमूट," मी म्हणाले.

आक्कांनी मिठाच्या बरणीत हात घातला.