डांगराची वांझ फुलं

आज सकाळी शेजारीण म्हणाली, "आबा, डांगराची फुलं द्या ना भज्यांना," आणि ओलं पिवळं फूल हातात घेताच मला बायकोचं ते साल आठवलं. छप्पन साली आमचं बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात गेलं तेव्हा ती नवी नवरी होती. तिनं माहेरचं बी आणून परसात डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल लावला, पण बोटाएवढी डांगरं पिवळी पडून गळायची. "हिच्या हाताला फळ नाही," आई चारचौघींत बोलायची. आम्ही केळीवाले. घड धरला की खालचं केळफूल कापून भाजी करतो, घडाचं काही बिघडत नाही. तशीच आई वेलाची लांब देठाची, बिनफळाची फुलं रोज भज्यांसाठी खुडायची. बायको मात्र वेलापाशी बसून बघत राहायची. एकदा म्हणाली, "आत्याबाई, भुंगा वांझ फुलात लोळतो नि मग फळाच्या फुलावर जातो. काय नेत असेल हो? आजची फुलं राहू द्या, बघू तरी." आई फणकारली, "मग भजी काय तुझ्या डोक्याची करू?" पण राहू दिली. त्या दिवशीच्या फुलाचं डांगर गळलं नाही, असं वाढलं की दोन्ही हातांनी उचलावं लागलं. आईनंच गल्लीभर फोडी वाटल्या, "आमच्या सुनेच्या हातचं आहे," म्हणत. बायको गेल्या साली गेली. तिनं उकिरड्यावर टाकलेल्या बियांतून हा वेल आपसूक आलाय. शेजारणीला म्हटलं, "दुपारी ये. आधी भुंग्याचं होऊ दे."