कोडल्यांचा हेळवी

कोडले हे आडनाव कुठून आलं, असं एखाद्या कोडल्याला विचारून बघा. तो मिशीवर हात फिरवून सांगेल, की आमच्या पूर्वजानं कुऱ्हाडीनं वाघ मारला. साफ खोटं! वाघबिघ काही नव्हता. खरं काय घडलं ते ईरण्णा हेळव्याला ठाऊक होतं, आणि त्याच्या लाल फडक्यात बांधलेल्या वहीत ते लिहिलेलं होतं.

हेळवी म्हणजे कोण, हे आता समजावून सांगावं लागतं, याचाच आधी संताप येतो. कन्नड मुलखाच्या कडेकडेनं, सुगी झाली की हे लोक गावोगाव फिरतात. एकेका हेळव्याला घरं वाटून दिलेली असतात, बापाची पोराला, पोराची नातवाला. त्या घरांच्या सगळ्या पिढ्या त्याला तोंडपाठ. चार-पाच वर्षांनी तो दारात येतो, वंशावळ गाऊन दाखवतो, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं वहीत चढवतो, पायलीभर ज्वारी आणि जमलं तर एक धोतर घेतो आणि आशीर्वाद देऊन पुढच्या गावाला लागतो. ईरण्णाकडं एकशे ऐंशी घरं होती. त्यातली त्रेसष्ट कोडल्यांची.

त्या त्रेसष्ट घरांचा नकाशाच त्याच्या डोक्यात होता. उमरगा तालुक्यात अकरा, त्यातली सात एकट्या निंबळवाडीत. आळंदच्या बाजूला सव्वीस. बसवकल्याणला नऊ, ते आडनाव कोडली लावतात. सोलापुरात कापडाच्या मागावर कामाला गेलेली आठ, कळंबला आडतीच्या धंद्यात एक, पुण्यात भोसरीला सात, आणि एक जण पार दुबईला. दुबईवाल्याच्या मुलीचं नाव ईरण्णानं फोनवरून विचारून घेतलं होतं, इतका तो कामाचा पक्का.

आणि आडनावाची हकीकत अशी. आळंदच्या पलीकडं चनबसप्पा नावाचा एक जण राहायचा. देसायाच्या तीन माणसांनी त्याच्या बापाला भर खळ्यावर, ज्वारीच्या राशीशेजारी, लाथा घालून घालून मारलं. सगळं गाव कडेला उभं राहून बघत होतं. चनबसप्पानं लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली आणि तिघांनाही तिथंच आडवं केलं. एकाची मान तुटली, दुसऱ्याचा खांदा, तिसरा पळत सुटला तर त्याच्या पाठीत घातली. रास रक्तानं भिजली, त्या धान्याला नंतर कुणी हात लावला नाही. बायको, दोन पोरं आणि ती कुऱ्हाड घेऊन चनबसप्पा उमरग्याकडं आला. कन्नडात कुऱ्हाडीला कोडली म्हणतात. लोक त्याला कोडलीवाला म्हणायला लागले, निजामाच्या दप्तरात कुण्या कारकुनानं कोडले लिहिलं, आणि तेच चिकटलं.

ईरण्णा चौथी शिकलेला. दहाव्या वर्षापासून बापामागं बैलाची दोरी धरून फिरला. बापानं पहिल्याच दिवशी त्याच्याकडून शपथ घेतली होती, की यजमानाचं नाव जिभेवर येईल ते त्याच्या भल्यासाठीच. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात ईरण्णानं ती मोडली नव्हती. बैल जाऊन आता जुनी बॉक्सर मोटारसायकल आली होती, मागं धाकटा भाऊ मलकप्पा बसायचा, मांडीवर वह्यांचं गाठोडं घेऊन. मलकप्पाला वंशावळी धड पाठ होत नसत, पण गळा गोड. पोरं त्याच्या अंगाखांद्यावर चढायची.

त्या फेब्रुवारीत दोघं निंबळवाडीत आले ते नऊ वर्षांनी. मधे कोरोनाची साथ, मग मलकप्पाचं पोटाचं ऑपरेशन, फेऱ्या चुकत गेल्या होत्या. तेवढ्या काळात त्यांना ओळखणारे म्हातारे एकामागून एक गेले होते. गुरुपादप्पा कोडले, ज्यांच्या ओसरीवर ईरण्णाचं गाठोडं सुटायचं, तेही साथीतच गेले. ईरण्णाला हे कळलेलं नव्हतं.

आणि इथं त्यानं नेहमीचंच केलं. आधी कुणाच्या घरी गेला नाही, अंगणवाडीच्या कट्ट्यावर बसला. मोठी माणसं वयं चोरतात, मेलेल्यांची नावं टाळतात. लेकरं खरं सांगतात, हे त्याच्या बापानंच शिकवलेलं. मलकप्पानं राजगिऱ्याचे लाडू वाटले. ईरण्णानं वही उघडली.

"तू कुणाचा रं? बाचं नाव काय? भाऊ किती? ल्हानीचं नाव काय ठेवलंय?"

पोरं ओरडून ओरडून सांगत होती, हा लिहीत होता. समोरून दुधाची किटली घेऊन चाललेल्या एकानं मोबाइल काढला. त्याच आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर एक चित्रफीत फिरत होती, की साधूच्या वेषात टोळी आलीय, लेकरांना खाऊ देऊन उचलून नेतीय. कुठली, कधीची, खरी का खोटी, एकाही गाढवानं विचारलं नव्हतं.

पंधरा मिनिटांत तीन मोटारसायकली आल्या. पुढच्या बुलेटच्या टाकीवर कुऱ्हाडीचं चित्र आणि खाली 'कोडले बॉईज'. तीवरून नंदीश उतरला. गुरुपादप्पांचा एकुलता नातू, बाप कुमार भोसरीला कंपनीत, हा आजीजवळ वाढलेला. वय एकोणीस. मागच्या वेळी ईरण्णानं त्याला शाळेच्या चड्डीत पाहिलं होतं.

"कोन रं तुमी?"

"हेळवी, बाळा. तुमच्या घरचे हेळवी," ईरण्णा हसून म्हणाला.

"ते काय असतंय?"

ईरण्णा सांगायला लागला तोवर दुसऱ्यानं त्याच्या हातातली वही ओढली. वर ताज्या शाईत गावातल्या चौदा लेकरांची नावं, वयं आणि बापांची नावं. "आयला, यादी केलीय यादी!" तो किंचाळला. पहिली थोबाडीत तिथंच बसली. ईरण्णाचा पटका उडून गटारीत पडला.

नंतरचं सांगायलाही जीभ जड होते. बायका धावत आल्या आणि पोरांना ओढून घेऊन गेल्या, आणि जाताना त्यांनीही दगड मारले. माणसं वाढत गेली. कुणाच्या हातात नांगराचं रुमणं, कुणाच्या हातात कमरेचा पट्टा, एकानं तर सायकलची साखळी आणली होती. मलकप्पा वह्यांवर पालथा पडला. त्याला वाटलं, मला मारतील आणि सोडतील, वह्या फाडल्या तर पुन्हा कुठून आणायच्या? चौघांनी त्याला पाय धरून ओढला. गाठोडं सुटलं. दीडशे वर्षांचे कागद त्या मातीत चपलांखाली गेले.

ईरण्णाचा उजवा हात कोपरात मोडला. दोन दात तोंडातच सुटले. तरी त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: मी ह्यांना ओळखतो, एकेकाला ओळखतो, हे सांगितलं की थांबतील. तो रक्त थुंकून गायला लागला.

"चनबसप्पाचा ईरभद्र, ईरभद्राचा सिद्रामप्पा, सिद्रामप्पाचा गुरुपादप्पा, गुरुपादप्पाचा कुमार, कुमारचा नंदीश..."

क्षणभर हात थांबले. मग नंदीशचा चेहरा लालबुंद झाला.

"बघितलं का? आमच्या घरातल्या मेल्याल्यांची बी नावं म्हाईत हायेत ह्याला! किती दिस पाळत ठेवलीय रं, भाडखाऊ?"

झालं. जे त्याला वाचवणार होतं त्यानंच घात केला. आता तर गावाची खात्रीच पटली. ईरण्णा दुसऱ्याचं नाव घ्यायचा, त्याच्या बापाचं, आज्याचं, तसा तो दुसरा आणखी चेकाळून मारायचा. मलकप्पा गुडघ्यावर उठला आणि हात जोडून रडत म्हणाला, "दादाला सोडा, त्याला बीपी हाय." नंदीशनं कट्ट्याच्या बांधकामाची सिमेंटची वीट दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. आवाज झाला. मलकप्पा बाजूला कलंडला, आणि त्याचे पाय थोडा वेळ हलत राहिले.

जगदेवी तेवढ्यात पोचली. गुरुपादप्पांची बायको, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की पोरं धरणारे सापडलेत आणि ते आपल्याच घराची नावं घेत्यात. नावं घेत्यात म्हटल्यावर तिला हेळवी आठवले. काठी टेकत, शिव्या घालत ती गर्दीत घुसली. वीट सुटलेले नातवाचे हात तिनं पाहिले. खाली पडलेला चेहरा इतका सुजला होता, की ओळखू येईना.

"सरका मागं, मुडद्यांनो! आरं, तू हेळवी हैस व्हय? मग सांग. मला लेकरं किती?"

"आज्जे, तीनच की! सगळ्या गावाला म्हाईत हाय," नंदीश ओरडला. "तू घरला जा."

"तू गप."

ईरण्णाला एकाच डोळ्यानं दिसत होतं. "चार, अव्वा," तो म्हणाला. "थोरला अकरा दिसांचा हुऊन गेला. बारसं व्हायचं हुतं. तुमी माज्या बापाला म्हणाला, नाव न्हाय म्हणून त्याला गाळू नका. मल्लिकार्जुन लिवलंय."

म्हातारी मटकन खाली बसली. साठ वर्षांत त्या लेकराचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. तिनं आपला सगळा देह ईरण्णावर टाकला आणि अशी काही किंचाळली, की शेवटच्या माणसाचा पट्टा हातातच राहिला. मग एकेक जण पांगला. मलकप्पाकडं कुणी बघेना. तो केव्हाच गेला होता.

दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या दवाखान्यात जमादार ईरण्णाचा जबाब घ्यायला आला. खाटेशेजारी मलकप्पाची बायको गंगम्मा उभी होती, कोरड्या डोळ्यांनी. रडून झालं होतं तिचं. दाराजवळ जमिनीवर जगदेवी बसलेली. सकाळच्या एस्टीनं एकटी आली होती.

"चाळीस-पन्नास जणांचा अज्ञात जमाव, असंच लिहितो," जमादार म्हणाला. "एवढ्या गर्दीत कुणाला ओळखणार तुम्ही?"

ईरण्णानं बापाला दिलेली शपथ मोडली, तर एकशे ऐंशी घरांपैकी एकही दार उघडणार नव्हतं. नाव घेऊन तुरुंगात धाडणारा हेळवी कुणाला हवाय? त्याच्या घरात दुसरा धंदा कुणी शिकलेलं नव्हतं.

"भावजी," गंगम्मा म्हणाली, "त्यांना मारणाऱ्याचं नाव अज्ञात?"

एवढंच. पण ते ईरण्णाच्या उरात घुसलं. असा भडका उडाला त्याच्या अंगात, की मोडलेल्या हाताची कळ त्याला जाणवेना.

"लिवा," तो म्हणाला. "शिवराज वल्द चनप्पा वल्द रेवणप्पा कोडले. हातात रुमणं. वीरेश वल्द बसवंत वल्द धोंडप्पा कोडले. सायकलची साखळी."

आशीर्वाद द्यायला जी चाल लावायची, तीच चाल आपसूक लागली. आजवर ज्या नावांनी लोकांनी त्याला ओंजळी भरून धान्य दिलं, ती नावं तो एकेक करून कागदावर चढवत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. जमादारानं दोनदा पेन झटकलं. "हळू, हळू सांगा," म्हणाला. असा जबाब त्यानं उभ्या नोकरीत लिहिला नव्हता.

अठरा नावं झाली आणि ईरण्णा थांबला.

"झालं?"

"झालं."

"वीट कुणी घातली?"

ईरण्णानं मान भिंतीकडं वळवली. "न्हाय बघितलं."

"एक ऱ्हायला," दाराकडून आवाज आला.

"अव्वा, गप बसा," ईरण्णा विनवणीच्या सुरात म्हणाला. "तुमी माजा जीव वाचवला. तेवढा एक ऱ्हाऊ द्या."

"म्या आले तवा तुजा भाव पडला हुता!" जगदेवी काठीवर जोर देऊन उठली. "कशाचा जीव वाचवला रं? ह्या बाईकडं बघ. तिला काय सांगू म्या, माजा एकुलता हाय म्हणून तुजा मेला त्ये सोड?" ती जमादाराच्या समोर येऊन उभी राहिली. "लिव. वीट माज्या नातवानं घातली. त्याचं वीट सुटलेलं हात म्या बघितलं. नंदीश. बापाचं नाव कुमार."

"कुमारच्या वडिलांचं?"

जगदेवी थांबली. लग्नात पंगतीत नाव घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, बँकेत, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या वेळीसुद्धा शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी ते सांगितलं होतं. ईरण्णानं तोंड उघडलं, तो सांगणार होता. तिनं हातानंच त्याला अडवलं.

"गुरुपादप्पा," ती म्हणाली.

जमादाराला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, आडनावासकट.